तिसावं पोतं

नाशिकरोडच्या फलाटावर नवऱ्यानं तिसऱ्यांदा पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा मी म्हटलं, "अहो, अकोल्याला चाललेय. तिथे माणसं राहतात, पाणीही पितात." त्यावर त्यांनी बाटली खिडकीतून आत ढकलली आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे असं पाहत राहिले की शेजारच्या बाईला वाटलं मी सीमेवर निघालेय. गाडी हलली आणि मला एकदम हसू फुटलं. वय एक्कावन्न, आणि एकटीनं केलेला हा माझा पहिला लांबचा प्रवास. मुलगी आधीच म्हणाली होती, "आई, तू कामासाठी चाललीयस, सहलीला नाही, जरा गंभीर हो." मनमाडपर्यंत मी गंभीर होण्याचा प्रयत्न केला. पुढे नाद सोडला.

काम मात्र खरंच गंभीर होतं. मी सिन्नरला एका पावडरच्या गिरणीत माल तपासते, बिलंही लिहिते. गेली बावीस वर्षं. आमच्याकडे राजस्थानातून शंखजिऱ्याचा दगड येतो, मऊसूत, नखानं ओरखडला जाईल असा. तो दळून, चाळून आम्ही पोती भरतो. नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, पण शंखजिऱ्याशिवाय तुमचा एक दिवस जात नाही. भिंतीच्या रंगात तेच, पाण्याच्या पाइपात तेच, वहीच्या कागदात, सायकलच्या टायरात, बाळाच्या पावडरीत आणि डोकं दुखल्यावर घेता त्या गोळीतसुद्धा चिमूटभर. खरा माल महाग, म्हणून जागा भरायला हा स्वस्त पाहुणा. आणि कायद्याची गंमत अशी की दगड एकच, पण जाईल तिथे त्याला वेगळा नियम. तोंडाला लावायचा तर एक दाखला, गोळीत घालायचा तर त्याहून कडक दाखला, दारात रांगोळी म्हणून घालायचा तर कुणी विचारत नाही. आणि डाळीला चकाकी आणायला चोळलात तर थेट गुन्हा.

याच शेवटच्या नियमापायी मी गाडीत बसले होते.

झालं असं, की अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीच्या बेबीबाई नावाच्या रांगोळीवालीनं डिसेंबरात फोनवरून तीस पोती मागवली. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर, रांगोळीला मागणी. बिल कुणाच्या नावानं करू विचारलं, तर म्हणाली, सलीमभाईच्या मिलच्या नावानं करा, माझी गल्ली ट्रकवाल्याला सापडत नाही. मी केलं. मिल म्हणजे पिठाची असेल, असं मी धरून चालले. ती निघाली डाळमिल. जानेवारीत अन्न खात्याच्या अधिकारी नेहमीच्या तपासणीला आल्या, त्यांना तूरडाळीच्या थप्पीशेजारी शंखजिऱ्याची अठ्ठावीस पोती दिसली आणि वर मिलच्याच नावाचं बिल. माझ्या अक्षरातलं.

अधिकारी बाईंनी पोत्यांना सील ठोकलं, डाळीचा नमुना नेला आणि शुक्रवारपर्यंत मुदत दिली. ही पावडर कुणाची आणि तीसची तीस पोती कुठे आहेत ते दाखवा, नाहीतर अहवाल येईपर्यंत मिल बंद. डाळीच्या कारखान्यात अशी भुकटी ठेवणं हाच मुळात गुन्हा. सलीमभाईंचा फोन मीच घेतला होता. आवाज शांत होता. "बाई, मिल बंद राहिली तं राहिली. पण बाजारात लोक म्हणून राहिले, सलीम डाळीत दगड घालते. तीस वर्षं झाली मले या धंद्यात." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मालक म्हणाले, पत्र पाठवू. मी म्हटलं, चूक माझ्या हातची आहे, हातच घेऊन जाते.

तर असा तो प्रवास. समोरच्या बाकावर एक काका होते, अकोल्याचेच. त्यांनी विचारलं, "काय करता तुमी?"

"दगडाची भुकटी तपासते."

"त्यात काय तपासाचं असते?"

हा प्रश्न मला बावीस वर्षांत कुणीही आपणहून विचारला नव्हता. मी चाळणीचे नंबर सांगितले, पांढरेपणा कसा मोजतात ते सांगितलं, दगडात घातक तंतू नाहीत ना हे का बघावं लागतं ते सांगितलं, डब्याच्या भिंतीचा रंग, खिडकीचं रबर, त्यांच्या खिशातल्या गोळ्यांचं पाकीट, सगळ्यातलं शंखजिरं दाखवलं. भुसावळला काका "जरा पाठ टेकतो" म्हणून वरच्या बर्थवर गेले ते शेगाव येईपर्यंत उतरले नाहीत. शेगावला मात्र उतरले आणि माझ्यासाठीही कचोरी घेऊन आले. गरम, आत मसाला ठासून भरलेला, आणि सोबत तळलेली मिरची. मिरचीनं कानातून धूर निघाला. काका म्हणाले, "वऱ्हाडात आले तुमी आता."

अकोल्याला उतरले तेव्हा दुपार कलली होती. स्टेशनबाहेरून बार्शीटाकळीला जायला काळीपिवळी (वडापची जीप) मिळाली. चालकानं मला मध्ये बसवलं, माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथी ठेवली आणि निघाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापसाची वेचून झालेली झाडं, वाळत आलेली तूर. आमच्याकडची माती तांबूस, ही इतकी काळी की तिच्यावर पांढरं काहीही उठून दिसावं. जुन्या हेमाडपंती देवळाजवळ कुणी उतरलं, मेथी त्यांच्याबरोबर गेली आणि मी मिलच्या दारात उतरले.

सलीमभाई पन्नाशीचे, उंच, खिशात तीन पेनं. मी दारातच म्हटलं, "मी कुंदा. बिल मीच लिहिलं होतं." वाटलं होतं, दोन शब्द ऐकवतील. त्यांनी आधी पाणी आणवलं. मग म्हणाले, "तुमी इतक्या दूर आल्या, आदी चहा घ्या. चूक काय, सगळ्यायची हाये." त्यांच्यामागे खाटेवर त्यांचे वडील बसले होते. पांढरा कुर्ता, ऐंशीच्या घरातले, अंगानं काडी. सगळे त्यांना अब्बा म्हणत. मी नमस्कार केला तर त्यांनी मान हलवली आणि लगेच भिंतीकडे पाहू लागले. मोठ्या माणसांना राग असतो, असं मी मनाशी म्हटलं.

मी नवं बिल काढून दाखवलं. बेबीबाईंच्या नावाचं. सलीमभाई कसंनुसं हसले. "मॅडम म्हणाल्या, मागून दुरुस्त केलेलं बिल कोणीबी आनते. ट्रकवाल्याची पावती पाह्यजे, माल कोणी सही करून घेतला ते. अन् ती त्यायच्या अमरावतीच्या गोदामात हाये." मग ओसरीतली सीलबंद पोती दाखवली. मी मोजली. अठ्ठावीस. "एक बेबीबाईनं नेलं," ते म्हणाले.

"आणि तिसावं?"

"तेच तं समजून नाई राहिलं."

रात्री मिलला लागूनच असलेल्या घरी भाभींनी, म्हणजे सलीमभाईंच्या पत्नीनं, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि तुरीचं वरण वाढलं. इतकं सुरेख वरण मी कधी खाल्लं नव्हतं. आणि खाताना मनात एक किडा वळवळत होता. सकाळी ओसरी झाडणाऱ्या बाईची पाठ वळल्यावर मी मिलमधून मूठभर डाळ पदरात घेतली, खोलीत जाऊन वाटीभर पाण्यात घातली आणि वाट बघत बसले. डाळीचं पाणी पिठूळ होतं, ते ठीक. पण आमची भुकटी असली तर तळाशी बसते आणि बोटाखाली सरकते. मी चारदा बोट फिरवलं. काही नाही. स्वच्छ डाळ. ज्याच्या घरचं अन्न खाल्लं त्याचीच डाळ चोरून तपासली, याची मला इतकी लाज वाटली की ते पाणी मी खिडकीबाहेरच्या तुळशीसारख्या दिसणाऱ्या झाडाला घातलं. तो सब्जा होता, हे भाभींनी नंतर सांगितलं.

गुरुवारी बेबीबाई आणि मी एसटीनं अमरावतीला निघालो. बेबीबाई म्हणजे पंचेचाळिशीची, भरदार, आवाज असा की कंडक्टरनं वळून बघावं. ती पांढऱ्या भुकटीत रंग कालवते आणि सात गावांचे आठवडी बाजार करते. मी विचारलं, "बाई, स्वतःच्या नावानं का नाही मागवलंत?"

"मले कोण ओयखते, ताई? न पाटी, न दुकान." मग बोटं मोडत सांगू लागली. "आमच्या गल्लीतल्या सगळ्यायचं सामान सलीमभाईच्या मिलवरच येते. कोनाची शिलाई मशीन, शाळेचे बेंच, लग्नाच्या पत्रिका. मागच्या साली पाटलाच्या सुनेचा पाळणा आला तं पोट्टं (मूल) झाल्यावर पाचव्या दिवशी नेला. तवापर्यंत पाळण्यात मिलची मांजर झोपे. सलीमभाई कोनाले नाई म्हनत नाई. ठेवून द्या म्हनते अन् विसरून जाते."

एवढी साधी गोष्ट. साऱ्या गल्लीचा पत्ता एका माणसाच्या दारात, आणि मी त्याच दारावर गुन्ह्याचं बिल चिकटवलं होतं.

बडनेऱ्याच्या पुढे, शहराच्या तोंडाशी ते गोदाम. दारात खुर्ची टाकून एक कारकून बसला होता. पावती म्हटल्यावर त्यानं वर माळ्याकडे बोट दाखवलं. "जुन्या पावत्या वर हायेत. काढाले टाइम लागन. सोमवारी या."

"शुक्रवार उद्या आहे हो," मी म्हटलं.

"मंग मी काय करू?"

मी तोंड उघडलं, तर बेबीबाईनं माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "ताई, तुमच्या पिशवीत नमुन्याच्या पुड्या हायेत न?" होत्या. सहा. नेहमी असतात. तिनं त्या घेतल्या, आपल्या पिशवीतून रंगाच्या चार डब्या काढल्या, पदर खोचला आणि गोदामाच्या दारात, जिथून हमाल पोती घेऊन आतबाहेर करतात नेमक्या तिथे, रांगोळी घालायला बसली. आधी ठिपके, मग कमळ, कमळाभोवती मोर, मोरांभोवती वेल. हात असा चालत होता की माझी स्वतःची भुकटी मला ओळखू येईना. चाळणीच्या नंबरांत मी बावीस वर्षं जिला मोजलं, तिचा मोर होताना मी पहिल्यांदा पाहत होते. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही येत होतं.

पाच मिनिटांत पहिला हमाल पोतं घेऊन आला आणि थांबला. दुसरा त्याच्यामागे थांबला. मग तिसरा. रांगोळीवर पाय कोण देणार? बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला. कारकून ओरडला, "अरे चाला न."

म्हातारा हमाल शांतपणे म्हणाला, "साहेब, मोर हाये. तुमीच द्या पाय."

कारकून उठला, मोराच्या शेपटापर्यंत आला, चप्पल उचलली आणि परत खाली ठेवली. बेबीबाई मान वर न करता म्हणाली, "अजून तुयशीवृंदावन काढाचं हाये, साहेब. लय टाइम लागन." पाव तासात पावती खाली आली. तीस पोती मिळाली, खाली वाकड्या अक्षरात सही, बेबीबाई. तिनं लगेच स्वतःच्या हातानं कमळाच्या मध्ये एक वाट पुसून दिली. हमालांनी जाताना मोर मात्र सांभाळले.

आम्ही दोघी गिला वडा खायला गेलो. दह्या-चटणीत भिजलेला, जिभेवर विरघळणारा. मी दोन प्लेट खाल्ल्या, बेबीबाईनं तीन, आणि मोरावर चप्पल धरून उभ्या राहिलेल्या कारकुनाची नक्कल करताना ती इतकी हसली की शेजारचे लोकही काही न कळता हसायला लागले. नवऱ्याला फोन करून मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाणी पितेस ना?"

परतीच्या बसमध्ये मी पावती पुन्हा वाचली आणि हसू ओसरलं. मालक कोण हे आता सिद्ध होत होतं. पण पावतीवर तीस पोती धडधडीत लिहिलेली होती. अठ्ठावीस मिलमध्ये, एक बेबीबाईच्या घरी. अधिकारी बाई विचारणारच. मी हळूच म्हटलं, "बेबीबाई, ते एक पोतं... सलीमभाईंनी तर नसेल ना वापरलं?"

ती गर्रकन वळली. "त्याचं नाव नका घेऊ, ताई. मायी (माझी) रांगोयी त्याच्या ओसरीत हाये म्हनून त्याच्यावर हे आलं. त्यानं एका शब्दानं मले बोललं नाई." मूर्तिजापूर जाईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग आपणच चिवड्याची पुडी पुढे केली. घरी नेऊन तिचं एक पोतं दाखवलं, शिवण अर्धी उसवलेलं, भोवती गुलाबी-पिवळे हात उमटलेलं. एकच होतं.

शुक्रवारी सकाळी अकराला अधिकारी यायच्या होत्या. नऊ वाजता अब्बांनी स्वतः मला चहा आणून दिला. काचेचा ग्लास. मी चहा प्याले, ग्लास खाली ठेवला आणि काचेवर पाहिलं. बाहेरून दोन बोटांचे पांढरे ठसे. मी त्यावर अंगठा फिरवला. सरकला. झोपेतून उठवलं तरी मी ओळखीन, आमच्याच गिरणीतली, बारीक चाळणीची.

"अब्बा, हे कुठून आलं?"

अब्बांनी हात मागे घेतले. इकडेतिकडे पाहिलं आणि खाली बसले. "बेटी, सलीमले सांगू नको."

गोष्ट अशी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तासन् तास बसायचं नाही, तंबाखू नाही, चिडचिड नाही. अब्बा आणि त्यांचे चार मित्र रोज दुपारी कॅरम खेळत, आणि त्या खेळात या तिन्ही गोष्टी असत. सलीमभाईंनी बोर्ड उचलून कुलपात टाकला. अब्बांनी मित्राच्या घरून दुसरा आणला आणि चुनीच्या खोलीत (डाळीचा चुरा न् सालं जनावरांसाठी साठवतात ती खोली) मांडला. बोर्डाखाली काही तरी हवं होतं. पोतं बरोब्बर उंचीचं. शिवाय कोपरा उसवला की पावडर हाताशी. "अशी पावडर मी जिंदगीत नाई पाह्यली," अब्बा म्हणाले. "सोंगटी जमिनीवर नाई, हवेत चालते." माझ्या मालाची एवढी स्तुती आजवर कुणी केली नव्हती.

"अब्बा, पण सलीमभाईंची मिल..."

"माहीत हाये. तीन रात्री झोपलो नाई. सांगन म्हणतो अन् तो समोर आला की जीभ नाई उचलत. हे एवढंच राह्यलं हाये मले दुपारचं." मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. मी म्हटलं, "मी सांगणार नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

अकराला अधिकारी बाई आल्या. पस्तिशीच्या, सडसडीत, चेहऱ्यावर रेष हलत नाही. ओसरीत खुर्च्या मांडल्या. त्यांनी नवं बिल पाहिलं, पावती पाहिली, बेबीबाईला समोर सही करायला लावली आणि दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. "माल हिचा आहे, मान्य," त्या म्हणाल्या. बेबीबाईच्या घरचं पोतं बघून आल्या. मग वहीत टिपणं करत विचारलं, "तिसावं कुठे आहे?"

बेबीबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. सलीमभाई उभे राहिले, तीन पेनांवर हात गेला. "मॅडम, मले माहीत नाई. पण मायी जिम्मेदारी हाये. पोतं माया मिलीतून गेलं, तं जे लिहाचं ते माया नावावर लिहा."

"विचार करून बोला. यानंतर मला मिल बंद करावी लागेल."

"लिहा."

तेवढ्यात खाट करकरली. अब्बा उठले. काठी घेतली नाही. "मॅडम, याच्या नावावर नका लिहू," ते म्हणाले. "माया मागं या."

आम्ही सगळे त्यांच्यामागे गेलो. चुनीच्या खोलीचं दार त्यांनी ढकललं. वरच्या झरोक्यातून उजेडाचा पट्टा येत होता आणि नेमका त्याखाली तो बोर्ड होता, आरशासारखा चकचकीत, अर्धा डाव तसाच मांडलेला. खाली पोतं. आमचा शिक्का वरच्या बाजूला.

सलीमभाईंनी वाकून पोत्यावरचा शिक्का बोटानं पुसून पाहिला. मग म्हणाले, "अब्बा, तुमी?"

"कुलूप तू लावलं," अब्बा म्हणाले. "चाबी कुठं हाये ते मले माहीत नव्हतं."

अधिकारी बाईंनी पोतं काट्यावर ठेवायला सांगितलं. मिलच्याच डाळीच्या काट्यावर, पण आधी खाली ताडपत्री घालून. पंचवीस किलोच्या पोत्यात चोवीस किलो नऊशे ग्रॅम भरलं. "बाकीचं?"

अब्बांनी बोर्डाकडे हात केला. बाईंनी बोर्डावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमचाच माल आहे, बाई. या चालीनं हे पोतं त्यांना वीस वर्षं पुरलं असतं."

सगळ्यांत आधी बेबीबाई हसली, पदर तोंडात कोंबून. मग मिलचे हमाल. मग सलीमभाई भिंतीला टेकले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्या बोर्डापाशी वाकून उभ्या होत्या. मधोमध राणी होती. त्यांनी पेन वहीत खोचलं, स्ट्रायकर ठेवला आणि टिचकी मारली. स्ट्रायकर राणीला न लागता सुळकन गेला आणि स्वतःच भोकात पडला.

"मायनस झाला, मॅडम," अब्बा अदबीनं म्हणाले. "एक सोंगटी परत ठेवा."

पंचनामा त्यांनी बोलत बोलतच लिहिला. माल मिलचा नसून बेबीबाईंचा. तीस पोत्यांचा हिशेब लागला. त्यांतलं एक कॅरमकरिता वापरात आढळलं. मिल चालू राहील, डाळीचा अहवाल यायचा तो येईल. सगळी पोती आजच मिलच्या आवारातून हलवावीत आणि पुन्हा इथे उतरवू नयेत. मग पेन बंद करून बेबीबाईला म्हणाल्या, "तुमचा धंदा आहे, तर तुमच्या नावानं करा. नोंदणी करून घ्या, मी कागद सांगते. दुसऱ्याच्या नावामागे का राहता?" बेबीबाईनं पदराला हात पुसले आणि कागदांची यादी लिहून मागितली.

संध्याकाळपर्यंत हातगाडीवरून एकोणतीस पोती बेबीबाईच्या गल्लीत गेली. साऱ्या गल्लीनं हात लावला, अब्बांच्या चार मित्रांनीसुद्धा. शेवटचं पोतं नेताना सलीमभाईंनी गाडी थांबवली, घरातून एक डबा आणला आणि त्यात ओंजळभर पावडर भरून वडिलांच्या हातात दिली. "दुपारी एकच तास," ते म्हणाले. "अन् मी बसीन बाजूले." चुनीच्या खोलीतला बोर्ड ओसरीत आला. मी सलीमभाईंना सांगून टाकलं की त्यांची डाळ मी चोरून तपासली होती. ते म्हणाले, "तुमच्या भाभीनं पाह्यलं होतं तुमाले. मी म्हटलं, करू दे, त्यायचं कामच ते हाये."

शनिवारी गाडीत बसले तेव्हा पिशवीत दोन किलो तूरडाळ आणि भाभींचा ठेचा होता, शेगावला त्यात बारा कचोऱ्यांची भर पडली. घरी पोचेपर्यंत आठ उरल्या. नवऱ्यानं पहिलं काय विचारलं ते सांगायला नकोच. पाणी प्याले होते.

काही आठवड्यांनी सलीमभाईंचा फोन आला. अहवालात डाळ स्वच्छ. त्यांनी तो कागद मिलच्या दारावर लावलाय, बाजाराच्या दिवशी लोक थांबून वाचतात. आणि बेबीबाईची मागणी आलीय, या वेळी तिच्या स्वतःच्या नावानं, नोंदणीच्या नंबरासकट.

ते बिलही मी माझ्या हातानंच लिहिलं. नाव लिहिताना अक्षर जरा मोठंच काढलं. हल्ली आमच्या बिलात मालाचा उपयोग लिहायचा रकाना आहे, मीच मालकांकडून हट्टानं घालून घेतला. त्यात लिहिलं, रांगोळीसाठी, किंचित कॅरमसाठी. मालकांनी सही करताना चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं मी दगड कुठून आला ते लिहीत होते, कुणाच्या हातात गेला ते पहिल्यांदा लिहिलं.

चार दिवसांनी बेबीबाईचा फोन. माल पोचला होता. ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला आणि चालकानं उतरून लोकांना विचारलं, बेबीबाई कोण?

"मंग?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"मंग काय, ताई," ती म्हणाली, आणि तो मोठा आवाज एकदम लहान झाला. "मी म्हटलं, मीच."